पुस्तकात नसलेला हात

"मॅडम, माझ्याकडून नर्व्ह कापली गेली." डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी रडवेली होऊन उभी होती. दंडातली मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह कोराकोब्रॅकियालिस स्नायूच्या आरपार जाते, हे तिनं आदल्या रात्री पाठ केलं होतं. स्नायू समोर होता, अखंड. त्यातून जाणारं काहीच नव्हतं.

मी हातमोजे चढवले आणि फोर्सेपनं चरबी सोडवत काखेपर्यंत गेले. तुटलेलं टोक कुठंच नाही. मग मीडियन नर्व्ह हलकेच उचलली, तर तिच्यातूनच दोन पांढरे धागे निघून बायसेप्समध्ये शिरलेले. "तू काही कापलेलं नाहीस. या आजोबांना ती नर्व्ह नव्हतीच. तिचं काम मीडियन करत होती." आजोबांच्या तळहाताला घट्टे होते. त्या हातानं त्यांनी जन्मभर ओझी उचलली, आणि आपला हात पुस्तकातल्यासारखा नाही हे त्यांना कधी कळलंही नसेल.

नगर जिल्ह्यात मी अनेक वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवते आहे. हल्ली लोक विचारतात, पडद्यावर थ्रीडी शरीर दिसतं, प्लास्टिकची मॉडेल मिळतात, मग मृतदेह कशाला? मीही मॉडेल वापरते. पण मॉडेलचा हात दरवर्षी तोच असतो. माणसाचा तसा नसतो. साधारण चारांतल्या एकाच्या मूत्रपिंडाला एकाऐवजी दोन रोहिण्या असतात. मूत्रपिंड काढून दुसऱ्याला बसवणाऱ्या सर्जनला ते आधी माहीत असावं लागतं. काहींची अल्नर आर्टरी कोपरापासूनच स्नायूंच्या वरून, कातडीच्या लगेच खाली धावते. शीर समजून तिच्यात इंजेक्शन दिलं गेलं तर बोटं काळी पडतात, कधी गमवावी लागतात. विद्यार्थिदशेत जिनं ती आर्टरी एकदा स्वतः सोडवून पाहिली, ती डॉक्टर झाल्यावर सुई टोचण्याआधी बोटानं ठोका चाचपते.

राज्यात १९४९ चा शरीररचना कायदा आहे. त्याखाली बेवारस मृतदेह महाविद्यालयांना मिळू शकतात. पण त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं, आणि ही गोष्ट मला अजून बोचते. ज्यानं जिवंतपणी स्वतःहून देह देऊ केला, त्याच्या टेबलाभोवती मुलांचा आवाजही आपोआप खाली येतो.

एका मावशींनी मला विचारलं होतं, "मग दहाव्याला अस्थी कुठून आणायच्या?" प्रश्न खरा आहे. त्याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. घरच्यांनी एकत्र बसूनच तो सोडवायला हवा, आणि त्यासाठी माणूस जिवंत असतानाच बोलणं व्हायला हवं.

लोणीला आणि विळद घाटात, दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागात देहदानाची चौकशी करा. मात्र अर्ज भरून कपाटात ठेवू नका. शेवटचा निर्णय घरच्यांच्या हाती असतो आणि त्या दिवशी वेळ फार थोडा असतो. मुलांना, सुनांना, जावयांना आजच जेवताना सांगून ठेवा.