बाहेरून झिजलेले, आतून कोरे : जुन्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरचे वाचन (धागा)

१/ जुन्या रिव्हॉल्व्हरवर दोन प्रकारची झीज आढळते. एक कमरेच्या चामडी पाकिटात वर्षानुवर्षे घासून येते : नळीच्या टोकाचा व चक्रीच्या कडांचा काळानिळा मुलामा उडतो आणि खालचे पोलाद उघडे पडते. दुसरी गोळ्या झाडून येते, ती आत असते. बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न या दोन झिजांमधील फरकात दडलेला आहे, असे माझे मत आहे.

२/ प्रथम 'मॅग्नम' हे नाव. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मोठे'. शॅम्पेनच्या दीड लिटरच्या बाटलीस हे नाव होतेच. ब्रिटिश बंदूककारांनी ते अधिक दारूच्या काडतुसांना दिले. १९३५ साली अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने ०.३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्यातील पहिले एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना देण्यात आले.

३/ नवे काडतूस म्हणजे जुन्या ०.३८ स्पेशलचेच थोरले भावंड होते. त्याचे कवच सुमारे ३ मिलिमीटरने मुद्दाम लांब ठेवले होते, जेणेकरून ते जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. कारण दाब! ०.३८ स्पेशलची कमाल मर्यादा दर चौरस इंचास १७,००० पौंड, तर ०.३५७ मॅग्नमची ३५,०००. म्हणजे दुपटीहून अधिक.

४/ या दाबाची खूण धातूवर राहते. चक्री आणि नळी यांच्यामधील फटीतून प्रत्येक वेळी तप्त वायू सुटतो व वरच्या पट्टीवर बारीक चर कोरतो. नळीचे मागचे तोंड खरवडले जाते. १९५५ साली आलेल्या 'कॉम्बॅट मॅग्नम'मध्ये हलक्या, वेगवान गोळ्यांच्या सततच्या माऱ्याने तेथे तडे जात, हे जाणकारांस ठाऊक आहे.

५/ म्हणून जुने मॅग्नम घेणारा मुठीवरचे नक्षीकाम पाहत नाही. तो हत्यार रिकामे असल्याची खात्री करतो, घोडा ओढून चक्री नेमकी जागेवर अडकते का ते पाहतो, ती हलवून डुगडुग तपासतो, नळीत उजेड धरून आटे शाबूत आहेत का ते न्याहाळतो. इतिहासाचा विद्यार्थी कागदाची शाई व जलचिन्ह तपासतो, तसेच हे बाह्य-परीक्षण आहे.

६/ आता भारतात येऊ. शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकास जवळजवळ बंद झाली. नवे विदेशी रिव्हॉल्व्हर येणे थांबले आणि देशात आधीच असलेली जुनी हत्यारेच हातोहात फिरू लागली. मागणी वाढली, साठा गोठला. परदेशात जे सेकंडहँड मालात जमा होते, ते येथे लाखांच्या भावाने विकले जाऊ लागले.

७/ त्यात कायद्याची आणखी एक मेख आहे. ९ मिलिमीटर, ०.३०३ यांसारखे लष्कर-पोलिसांच्या वापरातील व्यास सामान्य नागरिकास प्रतिबंधित आहेत. ०.३५७ हा आपल्याकडील सेवेतील व्यास नव्हता, म्हणून तो त्या यादीबाहेर राहिला. परिणामी सरकारी कारखान्याच्या ०.३२ रिव्हॉल्व्हरहून कितीतरी बलवान असे हत्यार 'साध्या' परवान्यात बसले. त्याची किंमत पोलादाने कमी आणि दुर्मिळतेने अधिक ठरते.

८/ ही दुर्मिळता प्रतिष्ठेत कशी बदलते, यासाठी मागे जावे लागेल. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात हत्यार बाळगणे ही सरकारची कृपा ठरली. युरोपीयांना त्यातून सूट होती. परवाना ज्याच्याकडे, तो सरकारच्या विश्वासातला, हे समीकरण तेव्हा पक्के झाले.

९/ परळी तालुक्यातील आजचे सिरसाळा त्या वेळी ब्रिटिश मुलखात नव्हते, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथेही हत्यार म्हणजे दर्जा. १९४८ च्या सप्टेंबरात १३ ते १७ अशा पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने ते राज्य संपले. रझाकारांच्या बंदुका गावांनी पाहिल्या होत्या. शस्त्र कोणाच्या हाती असावे, हा तेव्हा मराठवाड्यात पुस्तकी प्रश्न नव्हता.

१०/ त्याच वर्षी डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. हक्क नाही, परवाना. आणि परवान्यासाठी कारण हवे, हा गाभा आजही कायम आहे.

११/ जुने रिव्हॉल्व्हर दुसऱ्या परवानाधारकाकडून घ्यायचे, तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी अथवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस साधारणतः दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. काडतुसे किती घ्यायची, हेही परवान्यावर लिहिलेले असते. निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करावे लागते.

१२/ एवढे करून हाती आलेले मॅग्नम झाडायचे कोठे? गावात चांदमारी नाही. मोजकी काडतुसे, तीही महाग. मग ते कमरेला राहते. लग्नात, सत्कारात, मिरवणुकीत सदऱ्याखालून मूठ डोकावते. बाहेरची झीज वाढत जाते, आतले आटे कोरेच राहतात. वस्तू स्वतःच सांगते : मला वापरले गेले नाही, मिरवले गेले.

१३/ आणि झाडलेच, तर पुष्कळदा आकाशात. वर गेलेली गोळी खाली येतेच. म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने समारंभातील बेदरकार गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी स्वतंत्र तरतूद केली. तरीही हवेतील गोळीबाराच्या चित्रफिती आपल्या जिल्ह्यातून फिरल्याच.

१४/ ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना अमानुष मारहाणीत ठार करण्यात आले. त्यानंतर राज्याचे लक्ष बीडच्या परवान्यांकडे गेले आणि बाराशेहून अधिक परवान्यांचा आकडा पुढे आला. प्रशासनाने पुढे अनेक परवाने रद्द केले.

१५/ येथे थोडे थांबावे. सरपंचांचा जीव बंदुकीने गेला नाही. पण स्वसंरक्षणाच्या नावाने दिलेल्या बाराशे परवान्यांनी जिल्हा सुरक्षित झाला, असेही कोणी म्हणू शकत नाही. कमरेच्या हत्याराने घडते ते वेगळेच : समोरच्याचा आवाज खाली येतो. ज्याच्याकडे ते नाही, तो ग्रामसभेत गप्प बसतो. या धाकाची नोंद कोणत्याही फिर्यादीत होत नाही.

१६/ शस्त्रप्रेमी म्हणतील, सगळ्यांना एकाच मापाने का मोजता? आक्षेप रास्त आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते ०.२२ च्या इवल्याशा गोळीने. खरा नेमबाज हत्याराच्या आतली झीज कमावतो. खरा संग्राहकही जुने यंत्र जपतो, मिरवत नाही. या दोघांशी माझे भांडण नाही.

१७/ माझे म्हणणे एवढेच की परवाना देताना व त्याचे नूतनीकरण करताना वापराचा पुरावा मागावा. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ती कागदापुरती उरू नये. नूतनीकरणाच्या वेळी चांदमारीवर चाचणी व्हावी आणि जुन्या हत्याराची कारागिराकडून तपासणी व्हावी. ३५,००० पौंडांचा दाब सोसणारे जुनाट यंत्र न तपासता कमरेला लावणे हे धारकासही घातक आहे.

१८/ शिवाय जिल्ह्यात किती परवाने, कोणत्या कारणासाठी, हा तालुकावार गोषवारा नावांविना दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. सिरसाळ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला आपल्या तालुक्यात किती कमरांना हत्यार आहे, हे कळण्याचा अधिकार हवा. परवाना ही एका माणसाची खासगी बाब असली, तरी त्याची भीती सार्वजनिक असते.

(धागा समाप्त. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत. व्यक्तींची नावे घेऊन आरोप मात्र टाळावेत.)