आधी जेवण, मग नाव

परवा नातवाला शाळेतून प्रकल्प मिळाला: एखाद्या काल्पनिक लोकांच्या चालीरीती लिहा. ‘आजोबा, समुद्रावरचे कोणी सांगा ना!’ म्हणाला. मला एकदम होमरच्या ‘ओडिसी’तले फिएशियन लोक आठवले. त्याचा प्रकल्प झाला, पण माझ्या डोक्यातून ते लोक काही जाईनात. म्हणून हा लेख.

स्केरिया नावाच्या भूमीत हे लोक राहतात. शेजारच्या एकाक्ष राक्षसांचा जाच असह्य झाला म्हणून जुनं गाव सोडून इथे आलेले. धनुष्यबाणात त्यांना रस नाही, त्यांचा सगळा जीव डोलकाठ्या, वल्ही आणि जहाजांत. त्यांच्या जहाजांना सुकाणू नाही, खलाशाच्या मनातलं ओळखून ती आपोआप जातात. मेजवानी, गाणं, नाच आणि गरम पाण्याची अंघोळ यांची भारी हौस. आणि एक रीत: आलेल्या परक्याला सुखरूप घरी पोचवायचं.

तराफा फुटून ओडिसियस त्यांच्या किनाऱ्याला लागतो. राजकन्या नॉसिका त्याला कपडे देते. राजवाड्यात त्याला जेवू घालतात आणि घरी पोचवायचं वचनही देतात. मग कुठे राणी विचारते, ‘तू कोण?’ तो हकिगत सांगतो, नाव मात्र टाळतो. कोणी पुन्हा छेडत नाही! दुसऱ्या दिवशी जहाज पाण्यात उतरतं, बावन्न खलाशी निवडले जातात, आणि त्यानंतर राजा अल्किनूस नाव विचारतो.

कोणी म्हणेल, काल्पनिकच ते, चांगलेच असणार. पण तसं नाही हो! परक्यांविषयी या लोकांना फारसं प्रेम नाही, असं त्याला गावात शिरतानाच ऐकवलं जातं. लोक कुजबुजतील म्हणून नॉसिका त्याला आपल्याबरोबर गावात येऊ देत नाही. एक तरुण तर भर खेळात त्याला ‘तू खेळाडू कसला, नफ्यावर डोळा ठेवणारा व्यापारी दिसतोस’ असं हिणवतो. म्हणजे माणसं तुमच्याआमच्यासारखीच, थोडी संशयी, थोडी फटकळ. मोठी आहे ती त्यांची रीत.

माझं मत असं की रीत याचसाठी असते. आपलं मन रोज उदार असतंच असं नाही. ज्या दिवशी ते नसेल, त्या दिवशी रीत आपल्या हातून बरं काम करून घेते.

आणि त्याची किंमतही त्यांना ठाऊक होती. परक्यांना पोचवल्याबद्दल समुद्रदेव पोसायडन एक दिवस आपलं जहाज फोडील, हे भाकीत अल्किनूसने वडिलांकडून ऐकलेलं. तरी जहाज गेलं. परतताना बंदराच्या तोंडाशी पोसायडनने त्याचा दगड केला. (ग्रीसमधल्या कोर्फू बेटाजवळचा एक छोटा खडक म्हणजेच ते जहाज, असं लोक सांगतात.) मग राजाने रीत बंद केली. नगराची काळजी त्याला होती, मी त्याला दोष देत नाही.

पण आमच्या घरात काय झालं? वडिलांचा शिरस्ता होता, दारात आलेल्याला आधी गूळपाणी, मग ‘कुठले आपण?’ तो मीही बरीच वर्षं पाळला. एकदा भर दुपारी एका विक्रेत्याला जेवू घातलं. तो गेल्यावर फळीवरचं माझं घड्याळ दिसेना. त्यानेच नेलं की आणखी कुठे पडलं, देव जाणे. पण दाराला साखळी बसली ती बसलीच.

अल्किनूसचं जहाज दगड झालं होतं. माझं गेलं होतं एक घड्याळ, तेही जुनं!

गेल्या आठवड्यात पार्सल घेऊन एक मुलगा आला. चार जिने चढून घामाघूम झालेला. मी ओटीपी सांगितला, पार्सल घेतलं, दार लावलं. पाणी विचारायचं सुचलंसुद्धा नाही. नातू म्हणाला, ‘आजोबा, आपण फिएशियन नाही ना?’

काय उत्तर देणार! आता दाराजवळच्या स्टुलावर तांब्या आणि भांडं ठेवलं आहे. साखळी अजून आहे. पण पाणी आधी, ओटीपी नंतर, एवढी रीत या वयातही पाळता येईल असं वाटतं.