परवाना परीक्षा : द्यावी की पुढे ढकलावी?

महाराष्ट्रात परिचारिका होण्यासाठी स्वतंत्र परवाना परीक्षा द्यावी लागत नाही. अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केली की सेवेचा मार्ग मोकळा होतो. सोलापुरातील शासकीय वा खासगी रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकांपुढे हा प्रश्न उभा राहतो, तो परदेशाची वाट धरल्यावरच. सोलापूरला परदेशातील रुग्णसेवा नवी नाही. येथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि तेथे त्यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या गुओ छिंगलान याही परिचारिकाच होत्या. मात्र त्या काळी संगणकासमोर बसून परवाना मिळवण्याची अट नव्हती.

अमेरिकेची ‘एनक्लेक्स’ ही अशीच एक अट. 2005 पूर्वी ती अमेरिकेच्या भूमीवर जाऊनच पूर्ण करावी लागे. आता भारतातील मोठ्या शहरांत केंद्रे आहेत आणि सोलापूरकरांना मुंबई वा हैदराबाद गाठावे लागते. मूळ शुल्क 200 डॉलर, अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी आणखी 150 डॉलर. म्हणजे 30 हजार रुपयांच्या आसपास. रात्रपाळ्यांची अदलाबदल करून, घरच्यांकडून पैसे घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे तिकीट काढायचे आणि ऐन आठवडाभर आधी ‘तयारी झालेली नाही’ असे वाटू लागायचे, ही अवस्था अनेकींच्या परिचयाची आहे.

या वाटण्याला आधार काय, हे आधी तपासायला हवे. ही परीक्षा उत्तरांनुसार बदलत जाते. उमेदवाराच्या कुवतीचा अंदाज बांधून संगणक असा प्रश्न पुढे करतो, की तो बरोबर येण्याची शक्यता जवळपास निम्मी असावी. त्यामुळे हुशार परिचारिकेलाही ती अवघडच वाटते. एप्रिल 2023 पासून किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न, वेळ पाच तास असे तिचे स्वरूप आहे. रुग्णाची स्थिती वाचून निर्णय घेण्यावर भर आहे. अशा परीक्षेच्या सरावात सारे सुटले नाही म्हणून खचणे म्हणजे परीक्षेचा स्वभावच न ओळखणे होय. वेळ लावून दिलेल्या पूर्ण सराव परीक्षांत एकाच विषयात, उदाहरणार्थ औषधशास्त्रात, पुन:पुन्हा घसरण होत असेल, तर मात्र ती भीती नव्हे, पुरावा आहे.

पुरावा असेल तर तारीख बदलणे शहाणपणाचे. ती मुभा किमान 24 तास आधी घ्यावी लागते. तसे न करता गैरहजर राहिल्यास शुल्क बुडते आणि नव्याने नोंदणी करावी लागते. परीक्षेस बसण्याच्या परवानगीची मुदतही साधारण 90 दिवसांची असते आणि ती कोणत्याही कारणाने वाढत नाही. अनुत्तीर्ण झाल्यास बहुतेक ठिकाणी पुढच्या प्रयत्नासाठी 45 दिवस थांबावे लागते. म्हणजे तीन-चार आठवड्यांचा विलंब हा अपयशापेक्षा स्वस्त पडतो, पण तो त्या मुदतीत बसला तरच.

दुसरी बाजूही आहे. शिक्षण संपल्यापासून जितका काळ लोटतो तितके उत्तीर्णतेचे प्रमाण घटते, असे परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी परिषदेच्याच अभ्यासात दिसले आहे. अर्थात ज्यांची तयारी कच्ची त्याच मागे राहतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. सारा दोष काळाला देता येणार नाही. अमेरिकेबाहेर शिकलेल्या उमेदवारांचे उत्तीर्णतेचे प्रमाण तेथे शिकलेल्यांपेक्षा बरेच कमी राहत आले आहे. बुद्धीपेक्षा प्रश्नांची भाषा आणि तेथील कामाची रीत यांचे अपरिचितपण त्यास अधिक कारणीभूत असावे. ते अंतर पाठांतराने भरून निघत नाही. सोलापूरच्या वॉर्डात आणखी सहा महिने राबूनही नाही.

व्हिसाचा हिशेबही वेगळाच आहे. भारतात जन्मलेल्या परिचारिकांची स्थायी वास्तव्याची रांग कित्येक वर्षांची आहे आणि रांगेतील जागा नोकरी देणाऱ्या संस्थेच्या अर्जाच्या तारखेवरून ठरते. त्या अर्जासोबत ‘एनक्लेक्स’ उत्तीर्ण झाल्याचा वा तत्सम पात्रतेचा पुरावा लागतो. एवढ्या लांब रांगेत एका महिन्याने फारसे बिघडत नाही. ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणारीची मात्र रांगेत उभे राहायलाच सुरुवात झालेली नसते.