पहारेकऱ्याचा गळा आणि गुणवत्तेची ओरड

'इंडियन आयडॉल जिंकणाऱ्यांचे पुढे काय झाले?' या मथळ्याचा मजकूर अधूनमधून कुठे ना कुठे येतोच. त्यात प्रशांत तमांगबद्दलचा शेरा ठरलेला असतो. जिंकला, पण चालला नाही. मते गळ्याला पडली नाहीत, जातभाईंनी टाकली. हे वाचले की आम्हाला राखीव जागांवरची चर्चा आठवते. शब्द वेगळे, सूर तोच.

प्रशांत दार्जिलिंगचा. वडील पोलिसात होते. ते अपघातात गेले, शाळा सुटली आणि पोराने वडिलांच्या जागी कोलकाता पोलिसात शिपायाची नोकरी धरली. पोलिसांच्या ऑर्केस्ट्रात तो गायचा. 23 सप्टेंबर 2007 ला शिलाँगच्या अमित पॉलला मागे टाकून तो तिसऱ्या पर्वाचा विजेता झाला. लगेच दिल्लीच्या एका खासगी एफएम वाहिनीवरच्या निवेदकाने थट्टा केली की, गुरखेच गायला लागले तर आमच्या दारावर पहारा कोण देणार? पाच दिवसांनी, 28 तारखेला, या थट्टेच्या निषेधाचा मोर्चा सिलिगुडीत निघाला आणि दंगल पेटली. संचारबंदी लागली, लष्कर बोलवावे लागले.

काही जण आजही म्हणतात, एवढ्याशा विनोदाचे काय घेऊन बसलात! आम्ही विचारतो, हा विनोद आहे का? जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. त्या निवेदकाने दुसरे काय सांगितले? तुझी जागा फाटकावर, मंचावर नाही. आणि तमांगांना हे नवे नाही. नेपाळच्या 1854 च्या मुलुकी ऐनाने त्यांना दारू पिणाऱ्या आणि गुलाम करता येण्याजोग्या जातींत घातले होते. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

आता गुणवत्तेचे बोलू. निवड चाचणीपासून अंतिम फेरीपर्यंत परीक्षक होते अनू मलिक, जावेद अख्तर, अलिशा चिनॉय आणि उदित नारायण. त्यांच्या चाळणीतून पार झालेल्या पोरालाच लोकांनी मते दिली ना? शिवाय लोकांच्या मतावर निकाल लावायचा, हा नियम वाहिनीचा होता. वरच्या जातीचा गायक आपल्या शहराच्या मतांवर जिंकला की तो 'लोकांचा लाडका', आणि डोंगरातला शिपाई जिंकला की लगेच 'गुणवत्तेचा बळी'?

मात्र या एसएमएसच्या मतदानाला आम्ही लोकशाही म्हणणार नाही. एक माणूस, एक मत, एक मूल्य या तत्त्वाशी त्याचा संबंध नाही. ज्याच्या खिशात जास्त, त्याची मते जास्त. दार्जिलिंगमध्ये फॅन क्लबांनी वर्गणी काढली, गोरगरिबांनी दिली, आणि तो पैसा वाहिनी व मोबाइल कंपन्यांच्या गल्ल्यात गेला. या मोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी 7 ऑक्टोबर 2007 ला, म्हणजे निकालानंतर चौदाच दिवसांनी, गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला. लोकांची अस्मिता खरी होती, पण तिच्यावर धंदा आणि राजकारण दोघांनीही हात मारला. आपल्याकडे जयंतीच्या डीजेवर वर्गणी उधळणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आणि 'चालला नाही' म्हणजे नेमके काय? 2007 मध्येच त्याचा 'धन्यवाद' हा अल्बम आला. मुंबईच्या हिंदी सिनेमाने पार्श्वगायनासाठी त्याला जवळ केले नाही, हे खरे. तो नेपाळी भाषेकडे वळला. 2010 मध्ये 'गोरखा पल्टन' या नेपाळी चित्रपटात नायक झाला, पुढे 'निशानी', 'परदेशी' असे चित्रपट केले, नेपाळीभाषकांसाठी गात राहिला. स्वतःच्या भाषेत स्वतःचा श्रोता मिळवणे हे अपयश कुठल्या मापाने? आमच्या वस्त्यांत रात्रभर गाणाऱ्या भीमशाहिरांनाही हेच माप लावले जाते. हजारो लोक ऐकतात, पण वाहिनीवर दिसले नाहीत म्हणून ते कलावंतच नाहीत!

हिंदी पडद्याला प्रशांतची ठळक आठवण झाली ती 2025 मध्ये, 'पाताल लोक'च्या दुसऱ्या भागात. भूमिका कशाची, तर सुपारी घेऊन माणसे मारणाऱ्याची. काम त्याने उत्तम केले. पण गायकाला बोलावताना दिसला तो चेहराच, गळा नाही, याची नोंद आम्ही घेतो.

मागे आम्ही असंघटित कामगारांचे अर्ज भरून घेत होतो. एका सोसायटीच्या पहारेकऱ्याकडे आधार कार्ड दार्जिलिंग जिल्ह्याचे होते. सोसायटीच्या पगारवहीत मात्र त्याच्या नावापुढे नुसते 'बहादूर' लिहिलेले. खरे नाव का नाही, असे विचारले तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ते सगळे बहादूरच असतात." आम्ही त्यांच्यासमोर वही उघडून त्याचे पूर्ण नाव लिहायला लावले. लिहिताना त्यांनी आडनाव दोनदा चुकवले.