राष्ट्राची श्रीमंती मोजावी कशी?

एखाद्या गृहस्थाला भर सभेत 'आपली प्राप्ती किती?' असे विचारणे आपल्याकडे शिष्टसंमत मानीत नाहीत. राष्ट्रांच्या बाबतीत मात्र हा संकोच कोणी बाळगीत नाही. कोणता देश पहिला, कोणता पाचवा, कोणी कोणाला मागे टाकले, याच्या वार्ता ठळक अक्षरांत छापून येतात, आणि आपला देश एक पायरी वर चढला की लहानथोर सर्वांनाच आनंद होतो. हा आनंद स्वाभाविक आहे. परंतु ज्या आकड्यावरून हा क्रमांक ठरतो तो कसा काढतात, तो काय सांगतो आणि कशाविषयी मौन धरतो, हे न जाणता मानलेला आनंद म्हणजे प्रगतिपुस्तक न उघडता नुसता क्रमांक ऐकून पेढे वाटण्यासारखे होय.

एका वर्षात देशाच्या हद्दीत निर्माण झालेल्या सर्व अंतिम वस्तू व सेवा यांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या देशाचे स्थूल देशांतर्गत उत्पादन. यातील 'अंतिम' हा शब्द महत्त्वाचा आहे. शेतकऱ्याचा गहू, गिरणीतले पीठ आणि भट्टीतला पाव या तिघांच्या किमती वेगवेगळ्या मिळविल्या, तर एकच गहू तीनदा मोजला जाईल. म्हणून प्रत्येक टप्प्यावर किमतीत जेवढी भर पडली तेवढीच धरतात.

आपल्या देशात अशा मोजणीचा पाया दादाभाई नवरोजींनी घातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकविणारे आणि पुढे काही काळ बडोदे संस्थानचे दिवाण झालेले दादाभाई आकड्यांचे मोल जाणत होते. १८६७-६८ या वर्षासाठी त्यांनी हिशेब मांडला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी अवघे २० रुपये भरते, असे दाखविले. सरकारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर जेवढा खर्च होतो तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी सरकारच्याच कागदपत्रांतून सिद्ध केले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. या परंपरेकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की, आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब जन्मला तो शर्यतीसाठी नव्हे. आपली माणसे पोटभर जेवतात की नाही, हा त्यामागचा मूळ प्रश्न होता.

आता तुलनेकडे वळू. प्रत्येक देशाचे नाणे निराळे. म्हणून सर्वांचे उत्पादन डॉलरमध्ये रूपांतरित करतात. येथेच पहिली अडचण येते. २०२३ साली जर्मनीने जपानला मागे टाकून तिसरे स्थान मिळविले. त्या वर्षी जर्मनीचे उत्पादन वस्तुतः किंचित घटले होते आणि जपानचे थोडे वाढले होते! घसरले होते ते जपानच्या येनचे डॉलरमधील मोल. कारखाना तोच, कामगार तोच, माल थोडा अधिकच. तरीही क्रमांक खाली. चलनाचा भाव हा चंचल गज आहे, आणि चंचल गजाने कापड मोजू नये.

यावर उपाय म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी क्रयशक्तीची तुलना योजिली. पैसा किती यापेक्षा त्या पैशात काय येते, हे पाहावयाचे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी हे काम हाती घेतले. २०१७ सालच्या तुलनेत असे आढळले की, बाजारात डॉलरला सुमारे ६५ रुपये पडत असताना, अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल व सेवा मिळत तेवढे भारतात सुमारे २१ रुपयांत मिळत. आपल्याकडील केशकर्तन, बसचे तिकीट, भाजीपाला तिथल्या मानाने स्वस्त. म्हणून बाजारभावाने २०२३ साली पाचवा असलेला आपला देश क्रयशक्तीच्या मापाने तिसरा ठरतो. आणि तेच उत्पन्न १४० कोटींहून अधिक लोकांत वाटून पाहिले, की दरडोई उत्पन्नाच्या यादीत आपण शंभराच्याही खाली जातो. देश एक, वर्ष एक, आणि क्रमांक तीन! यांतील एकही खोटा नाही. मात्र प्रत्येकाचा प्रश्न निराळा आहे. दरडोई उत्पन्नही अखेर सरासरीच. पंक्तीत एकाच्या पानावर दहा लाडू वाढले आणि नऊ पाने रिकामी राहिली, तरी सरासरी दरपानी एक लाडू असेच म्हणते.

याहून गंभीर प्रश्न आहे तो मोजणीतून गळणाऱ्या गोष्टींचा. परसातला नारळ आपणच खाल्ला तरी त्याची किंमत राष्ट्रीय हिशेबात धरतात. पण विळीवर बसून तो खवणाऱ्या, त्याची आमटी करणाऱ्या आईचे श्रम धरीत नाहीत. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखविले होते की, एखाद्याने आपल्या पगारी मोलकरणीशी विवाह केला तर काम तेच राहूनही राष्ट्राचे उत्पन्न घटते. सरकारने २०१९ साली केलेल्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसून आले. रोजचे हे पाच तास राष्ट्राच्या उत्पन्नात शून्य म्हणून नोंदले जातात.

आणि काही गोष्टी धरल्या जातात, पण एकाच बाजूने. गोव्याचे उदाहरण घ्या. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील लोहखनिज वर्षानुवर्षे जहाजांतून परदेशी गेले. ते विकले गेले तेव्हा त्याची किंमत उत्पादनात जमा झाली. डोंगर खचला, शेतांत माती आली, झरे आटले, ते मात्र खर्ची पडले नाही. शेताचा तुकडा विकून आलेल्या पैशाला कोणी शेतकरी पीक म्हणत नाही. मग डोंगर विकून आलेल्या पैशाला राष्ट्राने निव्वळ मिळकत का म्हणावी? ही जाणीव न्यायालयातही प्रकटली. २०१४ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीच्या रकमेतील १० टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. तो निधी, बालमित्रांनो, तुमचा आणि तुमच्या मुलांचा आहे.

कोणी म्हणेल, मग हे मापच टाकून द्यावे काय? मुळीच नाही. तापमापक रोग बरा करीत नाही म्हणून तो कोणी फोडून टाकीत नाही. उत्पादन वाढल्यावाचून शाळा, रुग्णालये, रस्ते यांना पैसा कोठून येणार? गरीब देशाने उत्पन्नवाढीची उपेक्षा करणे हा उपाशी माणसाने केलेल्या उपवासाच्या उपदेशासारखा प्रकार होईल. माझा आक्षेप मापावर नाही. मापालाच ध्येय मानण्यावर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला शास्त्रशुद्ध अहवाल १९३४ साली लिहिणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी त्याच अहवालात बजावले होते की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढता येणे कठीण आहे. माप बनविणाऱ्यानेच दिलेला हा इशारा वापरणाऱ्यांनी विसरू नये.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, यापुढे राष्ट्रांच्या क्रमांकाची वार्ता वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारण्याची सवय लावा. हा आकडा कोणत्या भावाने मोजला? तो किती माणसांत वाटला जातो, आणि कसा? त्यात काय धरले नाही? हे प्रश्न विचारल्याने देशप्रेम उणे होत नाही. दादाभाईंनी ते परक्या राजसत्तेला विचारले. आपण ते स्वतःला विचारावयाचे आहेत. देश तिसरा की पाचवा, हे सांगावयास जगात पुष्कळ संस्था आहेत. परंतु आपल्या गावातील शेवटच्या घरात संध्याकाळी चूल पेटते की नाही, हे पाहण्याचे काम आपलेच आहे. आणि राष्ट्राच्या श्रीमंतीची खरी मोजणी तेथूनच सुरू होते.