आधीं दुसरी प्रत, मग आवराआवर

घरांतील संगणक हा आतां केवळ करमणुकीचा जिन्नस राहिलेला नाहीं. आपल्या वाशीम जिल्ह्यांतील कित्येक घरीं त्याच्या पोटांत शेताचा सात-बारा, जातीचा दाखला, परीक्षेचीं प्रमाणपत्रें, लग्नकार्याचीं छायाचित्रें, आणि कदाचित् आज हयात नसलेल्या आजीचा ध्वनिमुद्रित आवाज, एवढा ऐवज सांठलेला असतो. हा सर्व ऐवज ज्या यंत्रभागांत राहतो त्यास हार्ड डिस्क म्हणतात. तिच्या निगेविषयीं आपल्या लोकांत एक चमत्कारिक प्रघात पडला आहे. संगणक मंदावला कीं जो तो 'डिफ्रॅग करा' असा सल्ला देतो. परंतु 'सर्व कामाची दुसरी प्रत काढून ठेवली आहे काय?' असें क्वचितच कोणी विचारतो. हा क्रम उलटा आहे, आणि त्यापासून होणारी हानि पुष्कळदां भरून येत नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम आवराआवर म्हणजे काय तें पाहूं. जुन्या धर्तीच्या डिस्कमध्यें चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात, आणि त्यांवरून एक बारीक वाचक-शीर्ष इकडून तिकडे सरकत असतें. आपण एखादी फाइल ठेवली म्हणजे ती लहान लहान खणांत वांटून लिहिली जाते. डिस्क भरत आली कीं सलग खण मिळत नाहींत. मग बाजार-समितीच्या गर्दीच्या गोदामांत एकाच शेतकऱ्याचीं सोयाबीनचीं पोतीं जशीं जागा सांपडेल तेथें टाकावीं लागतात, तसे एकाच फाइलचे तुकडे दूरदूर पडतात. तीं पोतीं गोळा करतांना हमालास जसे अधिक हेलपाटे पडतात, तसेच वाचक-शीर्षासही पडतात. तुकडे उचलून पुन्हां एका थप्पीस लावणें यासच डिफ्रॅगमेंटेशन म्हणतात. जुन्या डिस्कवर त्याचा उपयोग होतो, हें मला मान्य आहे.

परंतु त्यास दोन मर्यादा आहेत. पहिली अशी कीं, हल्लीं अनेक संगणकांत फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी असते. तींत सरकणारा भागच नसल्यामुळें तुकडे विखुरलेले असले तरी विशेष बिघडत नाहीं. उलट तिच्या प्रत्येक खणाचें लेखन ठराविक वेळांच होऊं शकत असल्यामुळें उगाच पुन्हां पुन्हां मांडामांड केल्यास तिचें आयुष्य थोडेंबहुत झिजतें. विंडोजची अलीकडील आवृत्ति ही निगा नियमानें आपली आपणच ठेवते, व डिस्क कोणत्या जातीची आहे हेंही ओळखते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. संगणक मंदावण्याचें कारण पुष्कळदां डिस्कचें आजारपण हेंच असतें. तबकडीतून टिकटिक असा आवाज येत असेल, फाइली उघडेनाशा झाल्या असतील, तर तिच्याकडून हजारों तुकडे उचलवून घेणें म्हणजे तापानें फणफणलेल्या माणसास डोंगर चढावयास लावणें होय. अशा वेळीं महत्त्वाचें तें उतरवून घेऊन तिला विश्रांतीच द्यावी.

आणि डिस्क धडधाकट असली तरी एक गोष्ट विसरूं नये. पोतीं एका थप्पीस लावलीं म्हणून गोदामास लागावयाची आग थांबत नाहीं. आवराआवरीनें वेग मिळेल. सुरक्षितता मिळणार नाहीं. ती केवळ दुसऱ्या प्रतीनेंच मिळते.

या बाबतींत आपल्याच नगराचा इतिहास फार बोलका आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा मूळपुरुष राजा सर्वसेन यानें चौथ्या शतकांत 'हरिविजय' नांवाचें प्राकृत काव्य रचलें. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें आपल्या ग्रंथांत त्याचा आदरानें उल्लेख केला आहे. परंतु आज तें काव्य उपलब्ध नाहीं. इतरांनीं उदाहरणादाखल आपल्या ग्रंथांत उतरून घेतलेलीं कांहीं पद्यें तेवढीं वांचलीं. राजाच्या पोथीपेक्षां परक्यांनीं काढलेले उतारे अधिक टिकले!

याच्या उलट दुसरी हकीकत घ्या. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत वराहदेव या मंत्र्यानें वाकाटकांची वंशावळ दगडावर कोरविली होती. कालांतरानें अक्षरें झिजलीं आणि सर्वसेनाचें नांव विद्वानांकडून चुकीचें वाचलें गेलें. पुढें १९३९ सालीं वाशीम येथेंच दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट सांपडले. त्यांत सर्वसेनाचें नांव स्पष्ट होतें; त्यांच्या आधारें वासुदेव विष्णु मिराशी यांनीं लेण्यांतील वाचन दुरुस्त केलें, आणि ही शाखा इतिहासांत पुनः प्रकट झाली. एकच माहिती दोन ठिकाणीं, एक दगडावर आणि एक तांब्यावर, होती म्हणून हें घडलें.

संगणकाचे जाणकार आज जो नियम सांगतात तो याहून निराळा नाहीं: प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. पहिली संगणकांत, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर, तिसरी अकोल्यास किंवा पुण्यास राहणाऱ्या मामाकाकांकडे, अथवा इंटरनेटवरील सांठवणींत. बाहेरील डिस्क काम होतांच काढून कपाटांत ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर पावसाळ्यांत तारेवरून येणारा विजेचा झटका दोन्ही प्रती एकदम नेतो. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' नांवाच्या खंडणीखोर विषाणूनें जगभरचे लक्षावधि संगणक कुलूपबंद केले. असे विषाणू जोडलेल्या डिस्कलाही सोडीत नाहींत.

कोणी म्हणेल, 'सर्व कांहीं मोबाइलमार्फत इंटरनेटवर जातेंच. मग हा खटाटोप कशास?' त्यास उत्तर असें कीं, पुष्कळ ठिकाणीं ती सोय केवळ जुळवून घेण्याची असते. येथें चुकून पुसलें तर तेथेंही पुसलें जातें. शिवाय परवलीचा शब्द हरवला तर स्वतःच्याच कोठाराचें दार बंद होतें. दुसरा कोणी खर्चाची अडचण सांगेल. ती खरी आहे. पण सर्वच सामग्री जपावयाची नसते. चित्रपट पुन्हां मिळतात. सात-बारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हां काढतां येतो. परंतु आजीचा आवाज कोणत्याही कचेरींत मिळत नाहीं. जें पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं उतरवावें; तेवढ्यास लहानशी डिस्कही पुरते.

आणखी एक सूचना. प्रत काढली एवढ्यावर समाधान मानूं नये. ती उघडून पाहावी. १९९८ सालीं अमेरिकेंत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचें काम चुकून पुसलें गेलें, तेव्हां राखीव प्रत निकामी असल्याचें आढळलें. काम वांचलें तें एका कर्मचारी बाईंनीं घरून काम करण्यासाठीं नेलेल्या प्रतीमुळें. मोठ्या कारखान्याची जर ही गत, तर आपण दर सहामाहीस चार फाइली उघडून पाहिल्या तर वेळ वायां गेला असें होणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, घरांत संगणकाची माहिती बहुधा तुम्हांसच अधिक असते. म्हणून हें काम वडील मंडळींवर टाकूं नका. येत्या दिवाळीच्या सुटींत एक दुपार त्यासाठीं राखा. घरांतील माणसांस विचारून जपण्याजोग्या गोष्टींची यादी करा, त्यांच्या दोन प्रती काढा, त्या उघडून पाहा, आणि एक प्रत दुसऱ्या घरीं पोंचवा. एवढें झाल्यावर संगणक तरीही मंद वाटत असेल, तर मग खुशाल आवराआवर करा.