माणसे मोजली, हवा मोजायची राहिली

मार्च २०२० मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वे सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार येथील लक्षावधी नोकरदारांच्या पायाखालची वाटच नाहीशी झाली. १५ जून २०२० पासून लोकल पुन्हा धावू लागली, ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. महिलांना २१ ऑक्टोबरपासून ठरावीक वेळांत मुभा मिळाली. इतरांना १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात कार्यालये मात्र हळूहळू उघडली होती. बसच्या रांगेत दोन-दोन तास उभे राहणे किंवा शेजारच्या इमारतीतील मित्राच्या गाडीत पेट्रोलचा वाटा उचलून बसणे, एवढेच पर्याय उरले. बहुतेकांनी दुसरा पर्याय स्वीकारला, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. घरचा हप्ता महामारीसाठी थांबत नाही.

या सहप्रवासाची चर्चा तेव्हा फारशी झाली नाही. लग्नसमारंभ, बाजारपेठा, मंदिरे, मेळावे यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. पण चार मित्र एका बंद मोटारीत रोज दीड-दोन तास एकमेकांच्या श्वासात बसतात, हा प्रकार जणू घरगुतीच मानला गेला. मोटार ही आपल्या मध्यमवर्गीय मनाला घराचा विस्तार वाटते. घरात आपण परक्यापासून जपतो, मित्रापासून नाही. विषाणूला हा भेद कळण्याचे कारण नव्हते.

शासनाने नियम केले, हे खरे. मे २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चारचाकीत चालक अधिक दोन प्रवासी अशी मर्यादा घातली. महाराष्ट्रात ‘पुनश्च हरिओम’ म्हणत निर्बंध शिथिल होऊ लागले तेव्हाही ती कायम होती; ऑगस्ट २०२० पासून चालक अधिक तीन अशी सवलत मिळाली. नाक्यावर उभा असलेला पोलीस काचेतून डोकावून डोकी मोजत असे. डोकी मोजणे सोपे असते, दंडाची पावती फाडणेही सोपे असते. पण काचा वर आहेत की खाली, आणि वातानुकूलन यंत्राची कळ कोणत्या बाजूस आहे, हे कोणी विचारले नाही. खरा प्रश्न तिथेच होता.

सहा फुटांचे अंतर राखा, असे आपल्याला वर्षभर सांगितले गेले. लहान मोटारीत ते शक्यच नाही. तिच्या आतली सारी हवा जेमतेम तीन-चार घनमीटर. त्यात माणूस बोलतो, हसतो, खोकतो, आणि त्याच्या तोंडावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात. हा रोग मोठ्या थेंबांपेक्षा या तरंगत्या कणांतून अधिक पसरतो, ही गोष्ट जगातील आरोग्ययंत्रणांनी फार उशिरा आणि अडखळत मान्य केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेचा कहर चालू असताना, हे सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि म्हणून खेळती हवा हेच मोठे संरक्षण आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. तोवर आपण दाराच्या मुठी पुसत होतो. गाडीच्या चक्राला रोज सकाळी जंतुनाशकाचे स्नान घालायचे आणि मग काचा लावून, थंड हवा सोडून, चौघांनी निघायचे, असा तो उलटा सोवळेपणा होता. रिक्षांचे तर त्याहून विलक्षण. दोन्ही बाजूंनी मोकळ्या असलेल्या, म्हणजे या काळात आदर्श ठरणाऱ्या त्या वाहनात आपण प्लास्टिकचे पडदे लावून वारा अडवला!

मोटारीतील हवेचा अभ्यास झाला नाही, असे नाही. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीच्या साहाय्याने, ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत हवा कशी फिरते, हे तपासले आणि त्यांचा प्रबंध २०२० च्या अखेरीस ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गाडीत दोघेच, एक चालक आणि त्याच्या तिरकस मागे बसलेला प्रवासी. सर्व काचा बंद ठेवून वातानुकूलन चालू ठेवले, तर चालकाच्या श्वासातील सुमारे आठ ते दहा टक्के कण प्रवाशापर्यंत पोहोचतात; चारही काचा उघड्या ठेवल्या, तर हे प्रमाण ०.२ ते २ टक्क्यांपर्यंत खाली येते. हे सारे बाहेरची हवा आत घेण्याची सोय चालू ठेवून. आपल्याकडे धूळ आणि धूर टाळण्यासाठी चालक सर्रास आतलीच हवा आत फिरवणारी कळ दाबून ठेवतात. त्या स्थितीत काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या अभ्यासातील एक निष्कर्ष मोठा मौजेचा आणि उपयोगाचा आहे. दोनच काचा उघडायच्या असतील, तर माणूस आपोआप आपल्या शेजारची उघडतो. पण आपल्यासमोरची, म्हणजे पलीकडच्या बाजूची काच उघडणे अधिक हितकारक ठरते. धावत्या मोटारीत हवा साधारणपणे मागच्या खिडकीतून आत शिरते आणि पुढच्या खिडकीतून बाहेर पडते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. सोबती मागे डावीकडे बसला असेल, तर मागची उजवी आणि पुढची डावी काच खाली घ्यावी. आत आलेला झोत दोघांच्या मधून तिरका वाहतो आणि पडद्यासारखे काम करतो. चौघे बसले असतील तर हा हिशेब चालत नाही. तेव्हा चारही काचा, निदान चार-चार बोटे, खाली हव्यात.

महाराष्ट्रात राहणारा माणूस यावर लगेच विचारील, की जून ते सप्टेंबर काचा उघडायच्या कशा? २०२० च्या गणेशोत्सवात मुंबईचे चाकरमानी ई-पास काढून, गावी दहा दिवसांचे विलगीकरण पत्करून कोकणात गेले, तेव्हा मुंबई-गोवा महामार्गावर पाऊस कोसळत होता. आक्षेप रास्त आहे. पावसात काचा बोटभरच उघड्या राहतील; अशा वेळी पंखा पूर्ण वेगाने आणि बाहेरची हवा आत घेणारी कळ चालू, एवढे तरी हवेच. घाटात आणि कोंडीत वेग मंदावला की हवेचा झोतही मंदावतो, हेही ध्यानात असावे. नाक्यावरच्या रांगेत खोळंबलेली गाडी धावत्या गाडीपेक्षा अधिक जोखमीची असते. आणि वडापाव, चहा यांसाठी गाडी थांबवून खाली उतरावे. गाडीत बसून खाणे म्हणजे चौघांनी एकाच वेळी मुखपट्टी काढून गप्पा मारणे होय. संपूर्ण प्रवासात जपलेले तेवढ्या दहा मिनिटांत वाया जाते.

मुखपट्टीवरून तर एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वाद रंगला. एकट्याने गाडी चालवतानाही ती बंधनकारक आहे, असा निर्णय झाला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्लीतच एकट्या चालकाला सूट मिळाली. काचा बंद करून एकटा जाणाऱ्या माणसाची चर्चा आपण दहा महिने केली आणि चौघांच्या गाडीचा विषय मागेच राहिला, याला काय म्हणावे?

तथापि, काचा आणि कळा यांपेक्षा अवघड गोष्ट दुसरीच आहे. ती म्हणजे आपला भिडस्तपणा. वीस वर्षांचा मित्र सकाळी गाडीत बसतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, “काही नाही रे, रात्री आइस्क्रीम खाल्लं.” त्याला खाली उतरवायचे कसे? त्याची वहिनी काय म्हणेल? आणि उतरणाऱ्यालाही वाटते, की ताप सांगितला तर चौदा दिवस घरी बसावे लागेल, सोसायटीत बोभाटा होईल, दारावर कागद चिकटेल. या दोन्ही संकोचांच्या मध्ये गाडी निघते, आणि संध्याकाळी ती कोणाच्या तरी सत्तरीतल्या आईच्या घरी पोहोचते. या रोगात लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस इतरांना लागण देऊ शकतो. म्हणजे लक्षणे दिसत असताना गप्प राहणाऱ्याला तर सबबच उरत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो पहिला प्रवास करण्यापूर्वीच करायचा असतो. गट ठरलेला असावा, आणि तो बदलू नये. चौघांच्या घरी चार-चार माणसे धरली तर सोळा जणांचे ते एकच कुटुंब होते. “आज जागा आहे, माझ्या मेव्हण्याला घेऊ या,” असे म्हटले की त्यात आणखी एक घर जोडले जाते, आणि त्या घराला कोण कोण जोडलेले आहे ते कोणालाच ठाऊक नसते. घसा, ताप, कणकण, घरात कोणी आजारी, यांपैकी काहीही असेल तर गाडीत बसायचे नाही, आणि कारण विचारायचे नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर ठरला की नंतर कोणाला कोणाची भीड वाटत नाही. मग मित्र मित्राला उतरवत नाही, नियम उतरवतो. मे २०२१ मध्ये पुण्यातील एका कंपनीच्या घरगुती चाचणी संचाला मान्यता मिळाली आणि ही वाट थोडी सोपी झाली. परंतु लक्षणे असताना अशा चाचणीने नकार दिला, तरी तो अंतिम मानू नये. प्रयोगशाळेतील चाचणी करून घ्यावी आणि तोवर घरी थांबावे.

पैशाचाही प्रश्न आहे, तो आपण सहसा उच्चारत नाही. महिन्याचा पेट्रोलचा वाटा आधीच दिलेला असतो. आजारी पडून घरी बसलो तर तो बुडतो, म्हणून माणूस गोळी घेऊन येतो. जो ज्या दिवशी आला, त्याने त्या दिवसाचा वाटा द्यावा. मालकाला थोडी झळ बसेल, ती त्याने सोसावी किंवा उरलेल्यांनी वाटून घ्यावी.

आणि ज्या गाडीत पगारी चालक आहे, तिथे या गोष्टीचे मोल कितीतरी अधिक. मागे बसलेले तिघे मित्र दोन तासांनी उतरून जातात. चालक मात्र सकाळी एका गटाच्या, दुपारी मालकाच्या घरच्यांच्या आणि संध्याकाळी पुन्हा त्याच गटाच्या श्वासात बसलेला असतो. त्याला मागे वळून “साहेब, मास्क लावा” असे म्हणता येत नाही, काच उघडण्याचा निर्णयही त्याचा नसतो. रोजचा भत्ता कापला जाणार असेल, तर तो ताप सांगणार नाही, आणि त्याबद्दल त्याला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. आजाराच्या दिवसांचे पूर्ण पैसे मिळतील, हे त्याला साथ येण्याआधी, महिन्याचा पगार हातात देतानाच, सांगितलेले असावे. गाडीच्या काचा केव्हा उघडायच्या, हेही त्यालाच ठरवू द्यावे.